एफएक्यू कोहळं

सकाळी पावणेसहाला आमच्या फाटकाची कडी वाजते. दूधवाला कडी वाजवत नाही, तो मोटरसायकलचा हॉर्न दाबून धरतो. पेपरवाला काहीच वाजवत नाही, पेपर तुळशीत फेकून पुढे जातो. कडी दोनदा वाजवून, आत दिवा लागेपर्यंत थांबून, मग खाकरणारा माणूस आर्णी रोडच्या आमच्या गल्लीत एकच : काकाजी. डोक्याला मफलर (यवतमाळच्या वैशाखातही), हातात ताटलीने झाकलेली स्टीलची वाटी, डोळे रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखे लाल आणि चेहरा एकदम तृप्त.

"घे. रात्री सव्वानऊचा लॉट आहे. खाऊन सांगजो."

वाटीत कोहळं-ओट असतं. नारिंगी, घट्ट, वर दालचिनीची भुकटी. याला लापशी म्हटलं तर काकाजी दुखावतात, खीर म्हटलं तर काकू हसतात, आणि माझ्या धाकट्या मुलानं पहिल्या दिवशी याला जे म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही. म्हणून गल्लीनं तडजोड करून 'कोहळं-ओट' हे नाव मंजूर केलं आहे.

कोहळं म्हणजे आमचं कोहळं. पुण्यामुंबईच्या वाचकांनी लाल भोपळा समजावा. पुण्याच्या मंडईत कोहळा मागितला तर पेठ्याचा पांढरा हातात ठेवतात. यवतमाळात कोहळं मागितलं की आत केशरी निघतं. काकाजींची सून पुण्याची, त्यामुळे या एका शब्दावर शिकागो ते यवतमाळ असा पाऊण तासाचा फोन झाला होता. "बाबा, कोहळा नका हो घालू, भोपळा घाला," असं ती सांगत होती आणि "भोपळा कायले, कोहळंच लागते त्याले," असं काकाजी सांगत होते. दोघंही एकाच फळाबद्दल भांडत आहेत हे काकूंना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. पण फोन मुलाच्या पैशानं चालला होता, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

पण आधी काकाजी.

काकाजी कापसाचे ग्रेडर होते. आजच्या पोरांना हा शब्द सांगून कळत नाही. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच आणायचा, दुसऱ्या कोणाला विकायचा नाही. हंगामात केंद्रावर बंड्यांची रांग लागायची. माणसं बंडीखालीच स्वयंपाक करत, बंडीखालीच झोपत, आणि त्या रांगेच्या तोंडाशी जो उभा असायचा तो ग्रेडर. जिल्ह्याचा कलेक्टर कोण हे खेड्यातल्या माणसाला ठाऊक नसायचं. केंद्रावर ग्रेडर कोण आहे हे त्याच्या बैलांनाही ठाऊक असायचं.

वणी, पांढरकवडा, राळेगाव, पुसद असं सगळीकडे फिरून काकाजींनी कापूस पाहिला. पाहिला म्हणजे काय, तर बंडीत कोपरापर्यंत हात घातला. वरचा कापूस त्यांना कधीच नको असे. वर तर सगळेच चांगला ठेवतात. तळातून मूठभर काढायचा, मुठीत दाबायचा आणि सोडायचा. फुलून आला तर कोरडा, गोळा होऊन राहिला तर पाणी मारलेला. मग सरकी दाताखाली. कटकन वाजली तर ठीक. मग एक पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, तुटलेलं अर्धं उरलेल्यावर ठेवायचं, पुन्हा ओढायचं. सगळे तंतू एका रेषेत आले की शर्टाच्या गडद बाहीवर ठेवून लांबी बघायची. काकाजींकडे सगळे शर्ट गडद निळे असण्याचं कारण हे. एवढं सगळं अर्ध्या मिनिटात उरकून निकाल द्यायचा : सुपर, एफएक्यू, नाहीतर कवडी. त्या एका शब्दावर समोरच्या माणसाच्या घरचं लग्न त्या वर्षी होणार की पुढच्या, ते ठरायचं.

एफएक्यू म्हणजे सर्वसाधारण बरा माल. काकाजींचं सगळं आयुष्य एफएक्यूत गेलं. सुपर म्हणायला त्यांची जीभ जड होती. "सुपर देल्लं का बिघडते," असं ते म्हणत. कापूस बिघडतो की शेतकरी, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार गुंडाळला गेला आणि काकाजी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यातल्या 'स्वेच्छा' या शब्दाला ते अजूनही कवडी ग्रेड देतात.

त्यानंतरची वीस वर्षं आमच्या गल्लीनं सोसली. काकाजी तुरीची डाळ बघायचे, ती मुठीत दाबून सोडायचे. पोहे दोन बोटांत चुरून पाहायचे. लग्नात पंगतीला बसले की वाढप्यानं वरून वाढलेलं त्यांना चालत नसे. "तळातून दे" म्हणत. एकदा भाचीसाठी मुलगा पाहायला दारव्ह्याला गेले होते. परत आल्यावर काकूंनी विचारलं, कसा आहे मुलगा? काकाजींनी चपला काढता काढता सांगितलं, "एफएक्यू. थोडा ओलावा आहे." लग्न झालं, संसार नीट चालला आहे, आणि जावई थोडा रडवा आहे हे आता सगळ्यांना मान्य आहे.

असा माणूस तीन वर्षांपूर्वी मुलाकडे शिकागोला सहा महिने राहून आला.

तिकडून लोक चॉकलेटं आणतात, बदामाची पाकिटं आणतात. काकाजींनी आणला स्लो कुकर. आत अंड्याच्या आकाराचं जड चिनी मातीचं भांडं, बाहेर तापणारं कवच, वर काचेचं झाकण. मुलगा आणि सून सकाळी सातला घर सोडतात; रात्री त्यात ओट, पाणी आणि कोहळ्याचा गर घालून बटण दाबतात आणि झोपतात; सकाळी नाश्ता तयार. काकाजी पहिल्या रात्री ते यंत्र बघायला म्हणून स्वयंपाकघरात थांबले, आणि सून सकाळी उठून आली तेव्हा तिथंच खुर्चीवर होते. तिला वाटलं, जेटलॅग. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री तिनं खुर्चीवर उशी ठेवली.

काकाजींच्या या प्रेमाचं कारण मला बऱ्याच उशिरानं उमगलं. मंद आचेवर त्याला बरोबर आठ तास लागतात, आणि आठ तास ही ड्यूटी असते. वीस वर्षांनी त्या माणसाला ड्यूटी मिळाली होती. ज्या यंत्राची सगळी जाहिरात 'लावा आणि विसरून जा' अशी, त्याच्याजवळ रात्रभर जागं राहणारा जगातला पहिला माणूस यवतमाळचा असावा.

शिकागोत रिकामा वेळ मुबलक, त्यामुळे काकाजींनी अभ्यासही केला. हे यंत्र शिकागोच्याच माणसानं शोधलं, अर्विंग नॅक्सन त्याचं नाव. त्याची आई लिथुआनियातली, ज्यू. शनिवारी चूल पेटवायची नाही असा त्यांचा धर्म, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या बायका घेवड्याचं आणि मटणाचं मडकं बेकरीच्या विझत आलेल्या भट्टीत ठेवून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी काढायच्या. आईनं सांगितलेली ही गोष्ट नॅक्सननं विजेवर उतरवली आणि १९४० साली पेटंट मिळवलं. पुढे १९७१ साली एका कंपनीनं ते 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आणलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी उचलून धरलं. ही गोष्ट काकाजींनी आमच्या गल्लीत प्रत्येक घरी स्वतंत्रपणे सांगितली. सांगून झालं की ते थोडं थांबत आणि म्हणत, "आई सगळ्याईलेच असते. पेटंट एकालेच भेटते."

काकूंचं म्हणणं वेगळं. "माही सासू चुलीच्या वैलावर ज्वारीच्या कण्या ठेवे अन् रातभर घोरे. तिले वही नव्हती लागत."

वहीचं पुढे येईल. आधी कोहळ्याचं सांगून घेतो, कारण काकाजींना अमेरिकेत खरा धक्का बसला तो कोहळ्याचा. ऑक्टोबरात घरोघरी दारात कोहळी मांडलेली; त्यांना नाक-डोळे कोरलेले, आत दिवा. महिनाभरानं सडली की कचऱ्यात. काकाजी मुलाला म्हणाले, "हे खाणारे लोकं हायेत का दृष्ट काढणारे?" मग हेही कळलं की कॉफीत, बिस्किटात, साबणात जो 'पंपकिन स्पाइस' घालतात त्या मसाल्यात कोहळं औषधालाही नसतं, दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग एवढाच मामला. आणि खायचं कोहळं डब्यात मिळतं. अमेरिकेत डब्यात भरलं जाणारं बहुतेक कोहळं त्याच इलिनॉय राज्यात पिकतं. तिथलं मॉर्टन नावाचं गाव स्वतःला जगाची पंपकिन राजधानी म्हणवून घेतं. काकाजींनी हट्ट धरून मुलाला एका रविवारी तिथपर्यंत गाडी हाणायला लावली. शेताच्या कडेला उतरून त्यांनी एक फळ उचललं, नख लावलं, टिचकी मारली, देठ बघितला आणि निकाल दिला : दारात ठेवतात ते वेगळं वाण, डब्यात भरतात ते वेगळं. डब्यातलं आपल्या जातीचं.

हे अगदी खरं आहे. दारातलं भडक केशरी फळ वेगळ्या जातीचं असतं. डब्यातलं फिकट सालीचं वाण मात्र आपल्या कोहळ्याच्याच जातीचं, भाऊबंद म्हणा. आणि मूळ दोघांचंही अमेरिका खंडातलंच. युरोपातली जहाजं तिकडं गेल्यावरच ते जगभर पसरलं. मी काकाजींना हे सांगितलं, म्हणजे आपलं कोहळं मुळात तिकडचं. काकाजी म्हणाले, "गेलतं कामाले. आता परत आलं." कोण कुठून कुठं गेलं होतं, ते मी विचारलं नाही.

तर कुकर यवतमाळला आला. चार टॉवेलांत गुंडाळून, काकूंच्या दोन साड्यांची जागा खाऊन. बुडाशी पाटी होती : १२० व्होल्ट. आपल्या भिंतीत २३०. गल्लीत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक भाऊ आहेत, त्यांनी फाटकाला टेकून समजावून सांगितलं की व्होल्ट दुप्पट झालं की आच चौपट होते. अडीचशे वॅटचं हे यंत्र सरळ भिंतीत खुपसलं तर नऊशेच्या वर जाईल. "म्हणजे काकाजी, शकुंतलेले राजधानीचं इंजिन लावल्यासारखं होईन."

हे काकाजींना लगेच पटलं. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी, ११३ किलोमीटरची नॅरो गेज. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिला १९२३ साली लागलं ते १९९४ पर्यंत ओढत होतं. उतरून शेतातला हरभरा उपटून पुन्हा डब्यात चढता येत असे असं जुनी माणसं सांगतात. काकाजी सांगतात की त्यांनी उतरून एका बंडीला ग्रेड दिला आणि पुन्हा चढले. हळू चालणाऱ्या गोष्टींची त्यांना निंदा खपत नाही. त्यांनी बाजारातून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो कुकरपेक्षा मोठा आणि जड निघाला. रात्री सगळं शांत झालं की भिंतीपलीकडून त्याचं गुंगुंगुं आमच्या खोलीत ऐकू येतं. पाहुणे विचारतात, शेजारी देवीचं ठाणं आहे का?

पहिला लॉट बिघडला. काकाजींनी किराणा दुकानातून चपटे, झटपट शिजणारे ओट आणले. ते तीन मिनिटांत शिजायचे. काकाजींनी त्यांना आठ तास दिले. सकाळी जे निघालं त्यानं माझ्या मुलीच्या सगळ्या पुस्तकांना कव्हरं लागली, आणि अजून निघालेली नाहीत. मुलाला फोन गेला. तेव्हा कळलं की याला दाणा लागतो, पोलादी पात्यानं दोन-तीन तुकडे केलेला जाड दाणा, आपल्या कण्यांसारखा. एक माप दाणा, चार मापं पाणी, एक माप कोहळ्याचा गर, आणि भांड्याला आतून तूप, नाहीतर कडा करपतात. दाणा ऑनलाइन मागवला. पार्सल आलं तेव्हा घाटंजीहून काकाजींचे साळे आले होते, जुने शेतकरी. त्यांनी पाकीट उघडून दाणे तळहातावर घेतले, वास घेतला.

"भाऊजी, हे तं ओट होय. रब्बीत आपण ढोराले पेरतो थे. केंट वाण."

"व्हय."

"म्या दोन एकर पेरलं होतं. म्हशीनं दूध चांगलं देल्लं."

"मंग?"

"मंग काई नाई," साळे म्हणाले आणि काकूंकडे बघून पाकीट खाली ठेवलं.

कोहळं आणणं हा स्वतंत्र कार्यक्रम. आठवडी बाजारात काकाजी येताना दिसले की कोहळंवाल्या बाया एकमेकींना खुणा करतात. ते वरचं फळ उचलतच नाहीत. ढिगाच्या तळातलं मागतात, त्यामुळे अख्खा ढीग घरंगळतो. मग नखानं साल दाबून बघणं, नख रुतलं तर कोवळं. देठ वाळून बुचासारखा झालाय का बघणं. जमिनीवर टेकलेला डाग पिवळा आहे की पांढरा ते बघणं. शेवटी कानाशी धरून टिचकी. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला अमेरिकेतल्या डब्यांविषयी सांगितलं. ती ऐकत होती, ऐकत होती, आणि मग म्हणाली, "काऊन जी, कोहळं कायले डब्यात भरतात थे लोकं? देवानं त्याले सालटं देल्लं ना जाड! माळ्यावर टाकलं तं सहा महिने राह्यते."

काकाजींना उत्तर सुचलं नाही. त्यांनी तिच्याकडून दोन कोहळी घेतली आणि घासाघीस केली नाही. एवढीच त्यांची हार मी पाहिली आहे.

घरी आणल्यावर फोडायचं काम काकाजींचं. अख्खं कोहळं बाईनं फोडू नये, पहिला घाव पुरुषाचा, अशी त्यांच्या घरची जुनी रीत. काकूंचा एरवी अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण ही एक रीत त्या कडक पाळतात, कारण कोहळ्याची साल फोडताना मनगट जातं. मसाला काकाजींनी तिकडच्या हिशेबानं केला : दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, कुटून, वस्त्रगाळ करून. काकूंनी वास घेऊन सांगितलं, "हा तं गरम मसाला हाये. मिरं तेवढं राह्यलं."

आता वही. निळ्या पुठ्ठ्याची, आखीव, पणन महासंघाच्या जमान्यातली उरलेली असावी. त्यात रोजचा लॉट. लावल्याची वेळ, दाण्याचं वजन, कोहळं कुठल्या बाईचं, वीज कधी गेली, कधी आली. उन्हाळ्यात वीज जाते. कुकरच्या पुस्तकात लिहिलंय की तुम्ही जवळ नसताना वीज बराच वेळ गेली तर अन्न फेकून द्या, कारण ते ना गरम ना थंड राहिलं की बिघडतं. काकाजींच्या मते या सूचनेचा अर्थ एकच : जवळ राहा. म्हणून खुर्ची, मफलर, बॅटरी आणि वही.

पण खरी अडचण दुसरीच होती. झाकण उघडू नका असं त्या पुस्तकात तीन ठिकाणी छापलंय. आतली वाफ काचेला लागून पाणी होते, कडेनं उतरते आणि झाकण सीलबंद होतं. एकदा उघडलं की सगळी ऊब जाते आणि अर्धा तास वाढवावा लागतो. आणि काकाजी तर आयुष्यभर तळातून नमुना काढत आलेले. पहिले काही दिवस त्यांनी काचेतून बघून ग्रेड द्यायचा प्रयत्न केला. म्हणजे बंडीवरचा वरचा कापूस बघून! त्यांना झोपेत घाम फुटायला लागला असं काकू सांगतात. खरं तर ते झोपतच नव्हते. शेवटी त्यांनी स्वतःपुरता शासन निर्णय काढला. रात्री अडीचला एकदा झाकण उघडायचं, लांब डावानं तळातून नमुना घ्यायचा, वहीत नोंद करायची आणि अर्धा तास वाढवायचा. सव्वानऊला लावलेला लॉट म्हणूनच सव्वापाचला न होता पावणेसहाला होतो, आणि आमची कडी पावणेसहाला वाजते.

मी ती वही पाहिली आहे. नमुन्याच्या रकान्यात असं लिहिलेलं असतं : "दाणा दाताखाली येतो. तंतू बरा. रंग उजळ. एफएक्यू." कधी : "कोहळं कोवळं निघालं, पाणी जास्त. एफएक्यू-उणे." एका पानावर फक्त "कवडी" असं आहे आणि खाली रेघ, त्या दिवशी साळ्यांच्या सांगण्यावरून त्यात मीठ-मिरची घातली होती. सुपर कुठेही नाही. स्वतःच्या मालालाही या माणसानं कधी सुपर दिलेला नाही, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

चवीचं विचाराल तर वाईट नसतं ते. वरून चमचाभर तूप आणि थोडा गूळ किसून घातला तर चांगलंच लागतं. दाणा मऊ होतो पण लगदा होत नाही, कोहळ्याचा गोडवा सगळीकडे सारखा उतरलेला असतो. हे मी गल्लीत उघड बोलत नाही. रोज पावणेसहाला उठवलं जाणाऱ्या माणसाकडून एवढ्या मोठेपणाची अपेक्षा करू नये. आमच्यातली अर्धी वाटी फाटकाबाहेरच्या गायीला जाते. ती आता पावणेसहालाच हजर असते, आणि वाटी चाटून स्वच्छ करते. गल्लीत खुलेपणानं सुपर दिला असेल तर तिनंच.

अशा सात वाट्या रोज सात घरी जातात. आणि इथं मला ही गोष्ट खरी कळली.

आमच्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत. शेजारून काही आलं की भांडं घासून, त्यात काहीतरी घालूनच पाठवायचं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. काकूंच्या वाट्या तर लग्नातल्या, नाव कोरलेल्या, त्या ठेवूनही घेता येत नाहीत. पहिले आठ दिवस लोकांनी साखर घातली. पण रोज साखर किती घालणार? मग एका घरून आलूपोहे गेले. ते पाहून दुसऱ्या घरून सांबारवडी गेली. आमच्या भाषेत सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही पुण्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, श्रावणात पुरणाचं काहीतरी, थंडीत पातोड्या. माझ्या बायकोला कोणापेक्षा कमी पडलेलं आवडत नाही. तिनं तर्री-पोहे सुरू केले आणि तर्रीसाठी वेगळी वाटी आपल्या घरची जोडली.

गेल्या आठवड्यात मी वाटी परत द्यायला स्वतः गेलो. आठ वाजले होते. काकाजी आत घोरत होते. वाट्या वाटून ते सहाला आडवे होतात ते नऊ-साडेनऊशिवाय उठत नाहीत. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या आणि सात घरच्या सात वाट्या झाकणं काढून ओळीनं मांडत होत्या. मी सहज म्हटलं, काकू, तुम्ही कशा हो सहन करता हे ओट प्रकरण? रात्रभर ते गुंगुंगुं, वीज बिल, कोहळ्याचा पसारा.

काकूंनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बापा, तुले म्हनून सांगतो, त्याईले नको सांगजो. लॉट त्याईचा, चुकारा माहा. आखाडीपासून म्या सकाळी गॅस पेटवला नाई."

चुकारा म्हणजे कापूस विकल्यावर शेतकऱ्याला मिळायचे ते पैसे. एकाधिकाराच्या काळात तो यायला महिनेच्या महिने लागायचे. काकूंचा दोन तासांत येतो, गरमागरम, सात घरांतून.

काकाजींना यातलं काही माहीत नाही. ते उठतात तेव्हा समोर ताट तयार असतं. काकू पहाटे उठून एवढं सगळं करतात असं त्यांना वाटतं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटते. ही मंडळी मासिकं वाचत नाहीत, म्हणून इथं लिहितो. वाचलंच तर काकाजी आधी कागद दोन बोटांत चुरून पाहतील.

त्या दिवशी निघताना काकूंनी मला वही उघडून दाखवली. गेल्या मंगळवारच्या पानावर, लॉटच्या नोंदीखाली, वेगळ्या शाईत एक ओळ होती : "नाश्ता. पोहे, तर्रीसह. तळातून घेतले. सुपर."

मंगळवारचे पोहे आमच्या घरचे होते.